फियाटचा डॅशबोर्ड उतरवायचाय? सोलापुरातल्या या मिस्त्रींकडे द्या

जुन्या गाडीचं काम करणारा मिस्त्री चांगला की वाईट हे त्याच्या पेंटवरून ठरवू नका, पेंट आता कुणीही चकचकीत मारतो, बूथ आलेत, रंग कॉम्प्युटरवर मॅच होतो. त्यानं डॅशबोर्ड कसा उतरवला ते बघा. डॅशबोर्डमागे गाडीची सगळी नाडी असते, वायरिंग, मीटर, वायपरची लिंकेज (जोडदांड्या), चोकची केबल, स्टिअरिंगचा ब्रॅकेट, आणि एकदा का तिथं कुणी आडदांडपणा केला की पुढची दहा वर्षं गाडी काही ना काही कुरकुर करत राहते. आमच्या प्रीमियर पद्मिनीचा (हिलाच सगळे फियाट म्हणतात) डॅशबोर्ड अक्कलकोट रोडला एमआयडीसीच्या बाजूला एका छोट्या शेडमध्ये उतरवला, दुरुस्त झाला आणि परत बसला, आणि मी पाचपैकी साडेचार देतोय. अर्धा का कापला ते खाली येईलच. गॅरेजचं नाव टाकत नाही कारण मिस्त्रींनीच हात जोडून नको म्हणलंय, दारात आधीच चार गाड्या उभ्या आहेत आणि काम करणारे दोघंच. एमआयडीसीत कुणाही रिक्षावाल्याला जुन्या फियाटवाले मामा कुठं म्हणून विचारा, दाखवतील.

गाडी १९७८ची, हँड गियर (गियरचा दांडा स्टिअरिंगखाली), १०८९ सीसीचं इंजिन, घरातलीच आहे आणि आजपर्यंत एकदाही विकायचा विषय निघालेला नाही. रिस्टोरेशन करायचं म्हणल्यावर ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, पुण्याला न्या, मुंबईला न्या, सोलापुरात फियाटवाला कुठला आता. मला हे मनापासून लागत होतं. प्रीमियर कंपनी १९४४ मध्ये काढणारे वालचंद हिराचंद आपल्या सोलापुरात जन्मलेले, १८८२ साली, त्यांच्या नावानं इथं इंजिनिअरिंग कॉलेज आहे, आणि त्यांच्याच कंपनीच्या गाडीला त्यांच्याच गावात मिस्त्री मिळू नये? मिळतो. शोधावा लागतो एवढंच.

आधी एक कडू अनुभव सांगतो म्हणजे मी या मामांचं एवढं कौतुक का करालोय ते कळेल. काही वर्षांपूर्वी शहरातल्याच एका दुसऱ्या गॅरेजात, नाव घेत नाही, मीटरचे दिवे लागत नाहीत एवढ्याच कामासाठी गाडी दिली होती. त्या पोरांनी मीटरचा कन्सोल पुढून स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटून काढला, मागची स्पीडच्या मीटरची केबल न सोडवताच ओढला, त्यात केबलचं टोक वाकलं आणि कन्सोलचा एक कान तुटला, आणि परत देताना कान डिंकानं चिकटवून दिला वर काही बोललेच नाहीत. घरी येईपर्यंत मीटरचा काटा नाचायला लागला होता. तेव्हापासून डॅशबोर्डला हात लावायचं म्हणलं की पोटात गोळा यायचा.

मामांकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी पाना उचललाच नाही. गाडी सुरू केली, एमआयडीसीच्या रस्त्यावर एक चक्कर मारली, आणि येऊन वहीत लिहीत बसले. डावा इंडिकेटर जोरात टिकटिकतो, पेट्रोलचा काटा अर्ध्याच्या वर जात नाही, वायपर परत येताना अडखळतो, मीटरचा दिवा एका बाजूचा बंद, हॉर्न वळणावर आपोआप वाजतो. मी म्हणलं मामा हे सगळं नंतर बघू की, आधी डॅशबोर्ड काढायचाय ना. तर म्हणाले, "घाई करालाय का मालक? उघडल्यावर कसं कळंल कुठला रोग आधीचा न् कुठला आपण केलेला?" हे वाक्य मला फार पटलं. डॅशबोर्ड उतरवायच्या आधी काय चालतंय आणि काय बंद आहे याची यादी करून त्यावर मालकाची सही घेणारा दुसरा मिस्त्री मी तरी बघितलेला नाही.

मग बॅटरीची अर्थची, म्हणजे गाडीच्या पत्र्याला जाणारी वायर काढली, आणि नुसती काढून बाजूला नाही सोडली, टोकाला कापड गुंडाळून बांधून टाकली म्हणजे चुकून उडी मारून टर्मिनलला लागायला नको. हे छोटं वाटतं पण जुन्या गाडीत अर्ध्या वायरींना फ्यूजच नसतो, त्यात नंतर कुणीकुणी जोडलेल्या वायरी वेगळ्याच, एक उघडी वायर पत्र्याला टेकली तरी धूर निघतो.

आता वायरींच्या खुणा. सगळे मास्किंग टेप लावून त्यावर पेनानं लिहितात, मी पण घरून टेपचा रोल घेऊन गेलो होतो. मामा म्हणाले सोलापुरात टेप टिकत नाही, पत्र्याच्या शेडमध्ये एप्रिलात दुपारी डिंक पातळ होतो आणि चार दिवसात सगळ्या चिठ्ठ्या खाली पडलेल्या असतात, मग बसा ओळखत. त्यांच्याकडे पुठ्ठ्याची छोटी लेबलं होती, दोरा ओवलेली, चादरीच्या गठ्ठ्याला बांधतात ती, शेजारच्या कारखान्यातून आणलेली. प्रत्येक वायरीला एक लेबल, त्यावर जाड मार्करनं नंबर, आणि वहीत त्या नंबरापुढे ती वायर कुठनं निघाली आणि कुठं गेली. रंग लिहिलाच नाही कुठं. कारण विचारलं तर मला बोलावून बॅटरीच्या उजेडात दाखवलं, पंचेचाळीस वर्षांत लाल, तपकिरी, नारिंगी सगळ्या वायरी एकाच मातकट रंगाच्या झालेल्या, आणि मधेच कुणीतरी तुटलेल्या जागी दुसऱ्याच रंगाचा तुकडा जोडलेला. रंगावर भरवसा ठेवला की फसलात. फोटो मी मोबाईलवर काढत होतो, ते पण उपयोगी पडले, पण फोटोत मागची बाजू दिसत नाही आणि कुठली वायर कुठल्या वायरीच्या खालून गेली ते कळत नाही, त्यामुळे वहीच खरी कामाला आली.

स्टिअरिंगचं काम मला सगळ्यात जास्त आवडलं. व्हील काढताना मधला नट सैल केला पण पूर्ण नाही काढला, दोन-तीन आट्यांवर ठेवला, मग पुलर (व्हील ओढून काढायचं अवजार) लावला, कारण अडकलेलं व्हील एकदम सुटलं तर सरळ तोंडावर येतं. त्याच्या आधी शाफ्टवर आणि व्हीलच्या हबवर पंचनं एक एक ठिपका मारला म्हणजे परत बसवताना दात तोच दात, नाहीतर गाडी सरळ चालते आणि व्हील तिरकं दिसतं. हातोडा एकदाही नाही मारला. बरेच लोक मागून हातोड्यानं ठोकून व्हील काढतात आणि तो सगळा मार खाली स्टिअरिंग बॉक्सला बसतो. कॉलमचा ब्रॅकेट सोडवल्यावर कॉलम लोंबकळत नाही ठेवला, ड्रायव्हर सीटवर जुनी चादर घडी करून त्यावर टेकवला, खालून दोरीनं बांधला. आपल्या गाडीला गियरचा दांडा कॉलमलाच असतो, तो लोंबकळला की गियरच्या लिंकेजवर वजन येतं आणि मग गियर नीट पडत नाहीत आणि लोक क्लचला दोष देत बसतात.

मीटरच्या मागची केबल हातानंच सोडवली, तिला पान्याची गरज नसते, बोटानं फिरवायची, कडेला खरबरीत रेघा असलेली टोपी असते, पण तिथपर्यंत हात घालणं हेच खरं काम. मामांचा पोरगा, अठरा-एकोणीसचा असेल, तो ड्रायव्हरच्या पायाजवळ उताणा झोपला आणि वर हात घालून न बघता नुसत्या बोटानं सोडवली. आतली केबल बाहेर ओढली तर कोरडी ठणठणीत. तिला ग्रीस लावलं पण वरची वीतभर सोडून. वरपर्यंत ग्रीस भरलं तर केबल फिरता फिरता ते मीटरच्या आत चढतं आणि मग काटा चिकटतो. मीटरची काच साफ करताना पण आतल्या आकड्यांना थिनर, पेट्रोल काही नाही, नुसता मऊ ब्रश आणि फुंकर, कारण तो छाप एकदा पुसला गेला की परत तसा कुणी करून देत नाही. ज्यांच्या जुन्या मॉरिस वगैरे गाड्या आहेत त्यांच्यासाठी मामांनी सांगितलेली एक गोष्ट इथंच टाकतो, त्यातल्या बऱ्याच गाड्यांत टेम्परेचरचं मीटर वायरीवर चालत नाही, बारीक तांब्याची नळी थेट इंजिनपर्यंत जाते, ती नळी आणि मीटर एकच असतात. ती वायर समजून कापली किंवा मुरगळली की मीटर मेलं. आधी इंजिनकडचं टोक सोडवायचं, मग मीटरसकट नळी हळू बाहेर.

स्क्रू ठेवायला अंड्याचे ट्रे होते. प्रत्येक खळग्यात एका जागेचे स्क्रू आणि कडेला पेन्सिलनं लिहिलेलं. मला वाटलं स्क्रू स्क्रूच असतो की. तर नाही, एका ठिकाणी लांब स्क्रू निघाला जिथं आखूड असायला पाहिजे होता, पूर्वी कुणीतरी बसवलेला, आणि त्याचं टोक मागच्या वायरीच्या जुडग्यात घुसलेलं. वळणावर हॉर्न वाजायचा रोग अर्धा तिथंच सापडला. मी तो स्क्रू घरी आणून ठेवलाय.

दोन बोल्ट मात्र जाम झाले होते. एकाचा आतला नट पत्र्याला वेल्ड केलेला असतो, तो वेल्ड तुटून नट आतल्या आत गरागरा फिरायला लागला. अशा वेळी बहुतेक जण ग्राइंडर लावतात, आणि ठिणग्या पडतात कुठं, तर काचेवर, सीटवर आणि वायरींवर. मामांनी गंज सोडवायचं तेल मारून रात्रभर ठेवलं, दुसऱ्या दिवशी मागून बारीक पक्कड घालून नट धरला आणि पाव-पाव वळणानं काढला. अख्खी सकाळ एका बोल्टावर गेली. मी बाहेर चहा पीत बसलो होतो, मला आतून ओरडून सांगितलं, "निघाला बघा मालक, आट्यासकट निघाला." त्या आवाजातला आनंद मी विसरणार नाही, आणि असा माणूस आपल्या गाडीला मिळावा एवढीच कुठल्याही जुन्या गाडीवाल्याची इच्छा असते.

डॅशबोर्ड निघाल्यावर मागे जे दिसलं ते बघून बसायलाच लागलो. जुन्या कॅसेट प्लेअरच्या वायरी, प्लेअर कधीच गेलेला पण वायरी तशाच, उघडी टोकं काळ्या टेपनं गुंडाळलेली आणि ती टेप वाळून सुटलेली. एक वायर थेट बॅटरीवरनं, मधे फ्यूज नाही. मामांनी या सगळ्या उपऱ्या वायरी काढून एका पिशवीत भरून माझ्या हातात दिल्या, पिशवी जड लागत होती. मूळ वायरिंग मात्र बदललं नाही, जिथं इन्सुलेशन तडकलं तिथंच नवी वायर, सोल्डर करून, वर स्लीव्ह, आणि डॅशबोर्डमागच्या पत्र्याच्या भिंतीतून जिथं वायरी इंजिनकडे जातात तिथले रबरी ग्रोमेट सगळे नवे, कारण जुने दगडासारखे कडक झाले होते आणि पत्र्याची धार थेट वायरीवर घासत होती. पूर्ण नवं वायरिंग किट टाका असं सांगणारे बरेच भेटले होते, त्यात त्यांचा पण फायदा असतो, पण जे चांगलं आहे ते ठेवायचं हा मामांचा विचार मला जास्त आवडला.

आणि गंज. पुढच्या काचेच्या रबराखाली डाव्या कोपऱ्यात पाणी मुरत होतं, आत पाला साचून कुजलेला, पत्रा बोटानं दाबला तर भुगा. हे डॅशबोर्ड न काढता कधीच दिसलं नसतं, वरून नवा पेंट मारून आम्ही खूश झालो असतो आणि दोन पावसाळ्यात परत फुगलं असतं. फियाटला वेगळी चॅसी नाही, बॉडी म्हणजेच चॅसी, त्यामुळे काचेखालचा हा पत्रा नुसता झाकण नाही, त्याच्यावर पुढचा खांब आणि दार तोललेलं असतं. मामांनी कापायच्या आधी दारं बंद करून फटी मोजल्या, आतून आडवी पट्टी वेल्डचे ठिपके देऊन तात्पुरती जोडली, मग सडलेलं कापलं, चांगला पत्रा लागेपर्यंत कापलं, नवा तुकडा वेल्ड केला आणि परत दार उघडून लावून बघितलं. फायबर आणि पुट्टी भरून पण हे झाकता आलं असतं, मला कळलं पण नसतं. त्यांनी झाकलं नाही. साडेचारातले दोन स्टार या एकाच गोष्टीचे.

वरच्या पॅडिंगला आपल्या उन्हानं तडे गेलेच होते, इथं मे महिन्यात पारा ४२-४३ ला टेकतो, गाडी सावलीत लावली तरी काचेतून ऊन डॅशबोर्डवरच येतं. ते पॅड कुशनवाल्याकडे गेलं, तडे भरून, फोम घासून सपाट करून वर काळं रेक्झिन चढवलं. काम बरं झालंय, कोपऱ्यात एक बारीक सुरकुती राहिलीय, जवळ जाऊन बघितली तरच दिसते. ऑनलाइन तयार फायबरचं वरून चिकटवायचं कव्हर मिळतं, ते घेऊ नका, खाली गरम हवा कोंडून मूळ पॅड अजून फुटतं.

बऱ्याच मित्रांनी सांगितलं की डॅशबोर्ड उघडलाच आहे तर पत्रा कापून टचस्क्रीन बसवून घे. मी नाही बसवली. एक तर हा पत्रा एकदा कापला की कापला, आणि दुसरं म्हणजे २०२१च्या नियमाप्रमाणे पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात राखलेली असेल तर व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, आमची २०२८ला पन्नाशीला येते. मुंबईतून पद्मिनी टॅक्सी २०२३च्या ऑक्टोबरात बंद झाल्या, चोर बाजारात आत्ता मीटर, नॉब, स्विच मिळतात पण ते किती वर्षं मिळतील? जे मूळ आहे ते जपा. गाणी ऐकायला मोबाईल आणि छोटा स्पीकर पुरतो.

परत बसवताना एकच गोष्ट सांगण्यासारखी, पण ती सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी. नवा रंग मारल्यावर मीटरचे दिवे मिणमिणले आणि पेट्रोलचा काटा टाकी भरली तरी तळाला. मी घाबरलो, म्हणलं झालं, मीटर गेलं. मामा शांत. जुन्या गाडीत अर्थ पत्र्यातूनच जातो आणि रंगाच्या थरावर वायरीचा लग (टोकाची धातूची कडी) बसला की अर्थ मिळतच नाही. लगाच्या आकाराएवढा रंग खरवडून पत्रा उघडा केला, बोल्ट कसला, वरून ग्रीसचा हात फिरवला, आणि दिवे लख्ख, काटा जागेवर. रंगकामानंतर मीटर गेलं म्हणून लोक नवीन मीटर शोधत फिरतात, त्याआधी हे बघा.

आता अर्धा स्टार का कापला. वेळ. पाडव्यापर्यंत देतो म्हणाले होते, गाडी हातात आली तेव्हा पावसाळा सुरू व्हायला आला होता. फोन उचलत नाहीत, प्रत्यक्षच जावं लागतं. मीटर बाहेरच्या एका कारागिराकडे पाठवलं होतं, ते तिथून परत आलं तेव्हा जीपीएसवर पन्नास असताना मीटरवर साठ दाखवत होतं, मामांनी ते स्वतःहून परत पाठवलं आणि जादा पैसे घेतले नाहीत, पण त्यात अजून वेळ गेला. ग्लोव्हबॉक्सचा एक मूळ स्क्रू हरवला आणि तिथं नवा प्लस डोक्याचा लावलाय, बाकीचे सगळे जुने एका चिरेचे, ते मला रोज दिसतं. पक्कं बिल नाही, वहीतल्या पानाचा फोटो हेच बिल. ज्यांना हे चालत नाही त्यांनी आधीच विचार करा.

पैशाचं म्हणाल तर डॅशबोर्ड उतरवणे आणि बसवणे याची मजुरी साधारण आठ-नऊ हजार, वायरिंगचं काम आणि सामान वेगळं, पत्र्याचं वेल्डिंग वेगळं, कुशनवाल्याचे साडेतीन हजार. आधी सांगितलेल्या आकड्यापेक्षा वाढलं, पण प्रत्येक वेळी वाढायच्या आधी बोलावून दाखवलं, दाखवल्याशिवाय एक रुपया वाढवला नाही.

गाडी देणार असाल तर जानेवारीत देऊ नका, गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसात शेड बंद असतं. शुक्रवारी दुपारी पण बंद. सकाळी दहाच्या आत गेलात तर मामा निवांत भेटतात आणि गाडीभोवती फिरून खरं काय ते सांगतात. तुमच्याकडे जुने नॉब, स्विच, तुटलेले मीटर काहीही पडलेलं असेल तर सोबत न्या, टाकून देऊ नका, त्यातला एखादा कान, एखादी काच, एखादा होल्डर त्यांना लागतो. आमच्या कन्सोलचा तो तुटलेला कान अशाच एका भंगार कन्सोलवरून आला.